नसलेल्या संघाचे प्रेक्षक

आमच्या छत्रपती संभाजीनगरात फुटबॉलचा व्यावसायिक संघ नाही. महाराष्ट्रात असे संघ निघाले ते मुंबई-पुण्यात, आणि त्यांतलेही बरेच मिटले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला, भारत एफसी तर एकच हंगाम खेळलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेलं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपलं आणि देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली, त्याची जागा हैदराबादने घेतली. ही यादी मला पाठ झाली, कारण २०२४ च्या दिवाळीनंतर मी शहराला असा संघ मिळवण्याच्या खटपटीत पडले आणि जो भेटेल तो मला तीच ऐकवत होता. "मॅडम, जे पुण्यात चाललं नाही ते आपल्याकडं चालणारे का?"

मी शाळेत खेळ शिकवते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा घाट घातला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले. बऱ्याच ठिकाणी ते चेंडू कपाटात गेले. आमच्याकडे मुलींनी ते फाटेपर्यंत खेळवले आणि तिथून मुलींचा संघ उभा राहिला. संघ म्हटलं की सरावाचे सामने लागतात, सामन्यांसाठी मैदानं मागत फिरावं लागतं, आणि फिरता फिरता शहरातला प्रत्येक फुटबॉलवेडा माणूस ओळखीचा होतो. वाळूजचे एक उद्योजक संघासाठी प्रस्ताव द्यायच्या विचारात होते, त्यांनी मला बोलावलं ते एवढ्याच भांडवलावर.

प्रस्ताव द्यायचा होता आय-लीगसाठी, म्हणजे आयएसएलच्या खालच्या पायरीवरच्या लीगसाठी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये कंपन्यांकडून थेट प्रवेशाचे प्रस्ताव मागवले होते आणि पाच मान्य केले होते: वाराणसी, दिल्ली, बेंगळुरू, अंबाला आणि पंजाबातलं भैणी साहिब. यातलं भैणी साहिब हे चक्क गाव आहे. नामधारी संघ तिथल्या स्वतःच्या मैदानावर खेळतो. इथे आम्ही स्वतःला महानगर म्हणवून घेतो, असं वाटून माझाही इगो जरा दुखावला. उद्योजकांचं म्हणणं असं, की पुढचं निमंत्रण निघेल तेव्हा कागद तयार पाहिजेत, धावपळ नको.

क्लब परवान्याच्या अटींचे पाच भाग असतात: क्रीडा, पायाभूत सुविधा, कर्मचारी आणि प्रशासन, कायदेशीर, आर्थिक. वयोगटांचे संघ हवेत, प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक हवा, ताळेबंद हवेत. या पाचांत प्रेक्षक कुठेच बसत नाहीत. पण उद्योजकांच्या भागीदारांना तेच हवे होते. पैसे घालणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, बघायला येणार कोण? "मला आकडा नको, माणसं दाखवा," असं ते म्हणाले आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

माणसं होती, पण चार ठिकाणी, आणि एकमेकांना न ओळखणारी.

पहिली आमखास मैदानावर. आमखासवर गवत कमी आणि धूळ जास्त, पण शहराचा फुटबॉल जगला तो तिथे. जुन्या शहरातली पोरं शाळा सुटली की थेट मैदानावर येतात, कडेला त्यांचे काका-मामा उभे राहून पंचाला अक्कल शिकवतात. दुसरी कॉलेजातली, रात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने बघणारी. लिव्हरपूलचा राखीव गोलरक्षक कोण हे त्यांना माहीत, पण आमखास कुठे आहे ते विचारावं लागतं. तिसरी छावणी भागातली, जिथे लष्करामुळे आणि चर्चच्या शाळांमुळे हा खेळ पूर्वीपासून आहे. आणि चौथी, ज्यांचा मी आधी विचारच केला नव्हता, ती नोकरीनिमित्त इथे आलेली मंडळी: रुग्णालयांतल्या केरळच्या नर्स, कारखान्यांतले बंगाली कारागीर आणि कोल्हापूरकर. कोल्हापूरचा माणूस तर तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम कसं भरतं हे सांगायला लागला की घड्याळाकडे बघायचं नाही.

सुरुवात मी आमखासपासून केली. तिथे एक चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले, रोज संध्याकाळी हजर. मी प्रस्तावाचं सांगितलं तर म्हणाले, "बाजी, पहले टीम लाओ, फिर पब्लिक मांगो." मी म्हटलं, पब्लिक दिसली तरच टीम येणार. ते हसले आणि हैदराबादवर गेले. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्यांच्या वडिलांच्या पिढीला फुटबॉल म्हणजे मुंबई नव्हे, हैदराबाद. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक जिंकला, तोही मुंबईत येऊन. तेच रहीमसाहेब पुढे भारताचे प्रशिक्षक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळालं. चाचांना संघातली नावं घडाघडा येतात. मला तिथे उमगलं की मराठवाड्यात फुटबॉल बाहेरून आणून रुजवायचा नाहीये. तो आहे, फक्त त्याचा पत्ता पुण्याचा नाही. पुढे प्रत्येक बैठकीत मी हाच धागा धरून बोलले आणि मुंबईहून आलेल्या सल्लागारालाही तोच आवडला. त्याच्या सादरीकरणात रहीमसाहेबांचा फोटो पहिल्या पानावर गेला.

मग आला नावाचा प्रश्न. फलक छापायचा तर त्यावर लिहायचं काय? शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, आणि दोन्हींपैकी कोणतंही नाव टाकलं तरी बैठकीतली अर्धी माणसं चहा न घेता उठून जाणार हे उघड होतं. एकाने लेण्यांचं नाव सुचवलं, दुसऱ्याने दरवाज्यांचं. शेवटी "मराठवाडा" वर सगळे थांबले. खरं तर कंटाळून थांबले, पण निर्णय चांगला निघाला.

रंगांचं त्याहून अवघड. भगवा म्हटलं की एक गट खूश, दुसरा गप्प. हिरव्याचं उलट. निळा म्हटल्यावर तिसऱ्याच दिशेने टाळ्या. या शहरात रंगपेटीतला एकही रंग मोकळा नाही हे मला माहीत होतं, पण बनियनच्या कापडावरून इतकं राजकारण होईल असं वाटलं नव्हतं. तोडगा काढला एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाने: कापसाचा पांढरा आणि आपल्या काळ्या मातीचा काळा. परभणी-जालन्याचे लोक खूश. जुन्या शहरातले त्याहून खूश, कारण कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचे रंग हेच. आणि कॉलेजची पोरं खूश, कारण इटलीचा युव्हेंटस. प्रत्येकाने आपापलं कारण धरलं आणि कुणी दुसऱ्याचं विचारलं नाही. असं एकमत मी या शहरात पुन्हा पाहिलेलं नाही.

आता माणसं दाखवायची कशी? सह्यांची मोहीम काढावी असं बहुतेकांचं मत. क्रांती चौकात आणि गुलमंडीवर टेबल टाकलं की सह्या भरपूर मिळतात, कारण आपल्याकडे सही करायला पैसे पडत नाहीत. सल्लागाराने त्या वह्या हातात घेऊन बाजूला ठेवल्या. अमेरिकेतल्या एमएलएस या फुटबॉल लीगमध्ये संघ मागणारी शहरं हंगामी तिकिटांची अनामत आधीच गोळा करून दाखवतात, असं त्याने सांगितलं. सहीपेक्षा शंभराची नोट जास्त बोलते. मग आम्ही शंभर रुपये अनामत ठरवली: संघ आला तर तिकिटात वळती, नाही आला तर परत. पावतीपुस्तकं छापली, संयुक्त खातं उघडलं, हिशेबाला एक निवृत्त बँकवाले काका बसवले. हे काका फार कडक. पावतीवर खाडाखोड दिसली की माझ्याही अंगावर ओरडायचे.

शंभर रुपये म्हटल्यावर गर्दीचं चित्रच बदललं. सह्या करणाऱ्यांत कॉलेजची मुलं पुढे होती, पैसे देताना ती पांगली. "संघ चांगला आला तर बघू." उलट आमखासवरून, जिथे सह्यांना कुणी फारसा भाव दिला नव्हता, पावत्या फाटू लागल्या. गॅरेजवाले, भाजीवाले, शिंपी. एकाने पाच पावत्या घेतल्या, घरात पाच जण म्हणून. मी विचारलं, बायका येतील का सामन्याला? तो म्हणाला, "जगह दोगे तो आएंगे." आमखासवर मैदानाच्या कडेला मी एकटीच बाई उभी असायचे, त्यामुळे हे उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. प्रस्तावात कुटुंबांसाठी वेगळा भाग आणि त्या भागाला स्वतंत्र स्वच्छतागृह हे मी हट्टाने घालायला लावलं. सल्लागाराला ते बारीकसारीक वाटलं. ज्याला कधी स्वच्छतागृह शोधत अर्धं मैदान पालथं घालावं लागलेलं नाही त्याला ते बारीकच वाटणार.

एका रविवारी आम्ही प्रदर्शनी सामना ठेवला, वीस रुपये तिकीट. जुन्या शहराचा संघ विरुद्ध बाकी सगळे. आमच्या मुलींचा सामना त्याआधी. एका महाविद्यालयाने मैदान दिलं. घोषणा काय द्यायच्या यावर केरळच्या नर्सनी शिकवणी घेतली, कारण केरळ ब्लास्टर्सच्या सामन्यांना गॅलरीत उभं राहिलेल्या त्याच. टाळ्यांचा ठेका त्यांचा, वर हलगी आमची. मुकुंदवाडीची हलगीवाली पोरं जी सुरू झाली ती मध्यंतरातही थांबेनात, पंचाची शिट्टी ऐकू येईना. पंचाने खेळ थांबवून हलगीवाल्यांना दम भरला आणि पब्लिकने त्यावरही ठेका धरला. उद्योजक भागीदारांना घेऊन आले होते. ते खुर्च्यांवर बसलेच नाहीत, दारापाशी उभे राहून तिकीट फाडणाऱ्याकडे बघत होते. मला ते बघायला मजा वाटली. गोल झाला तरी त्यांची मान दाराकडे.

"मराठवाडा" नाव घेतल्याने बाकीचे जिल्हे आपोआप आत आले आणि त्यांच्यासोबत तक्रारीही. परभणीहून फोन: "सगळं तिकडंच कामून?" लातूरकर म्हणाले, आम्ही सामना बघायला एवढ्या लांब यायचं आणि रात्री परत कसं जायचं? नांदेडकरांचं तर रास्तच होतं. गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा ते वर्षानुवर्षं भरवतात, बाहेरचे संघ कसे उतरवायचे, गर्दी कशी सांभाळायची, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. एका बैठकीत एका वक्त्याने विभागांचा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून सुरुवात केली. सिंचनाचा अनुशेष मोजला, रस्त्यांचा मोजला, फुटबॉलचा कुणी मोजला का? टाळ्या पडल्या. मला ते भाषण रुचलं नाही. अनुशेष सांगून सरकारकडून निधी मिळत असेल, तिकीट विकलं जात नाही. रविवारची संध्याकाळ आणि वीस रुपये माणूस अन्यायाच्या भावनेतून खर्च करत नाही, त्याला मजा हवी असते. त्या वक्त्यांना पुढच्या बैठकीला बोलावलं नाही.

आणि मैदान. सगळं घोडं शेवटी तिथेच पेंड खात होतं. चिकलठाण्याचं गरवारे स्टेडियम क्रिकेटचं, मध्यभागी खेळपट्टी. फुटबॉलला १०५ बाय ६८ मीटर सलग सपाट गवत लागतं, वर दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, रुग्णवाहिकेला वाट. एका सरकारी कार्यालयात आम्ही मैदानाच्या हमीचं पत्र मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं की संघ मंजूर झाल्याचं पत्र कुठे आहे. संघ मंजूर व्हायला मैदानाचं पत्र लागतं, हे आम्ही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज आवक-जावकला द्यायला सांगितला.

गवताचा हिशेब मी स्वतः मांडला होता. १०५ गुणिले ६८ म्हणजे ७,१४० चौरस मीटर. आपल्या उन्हात पाच मिलिमीटर पाणी रोज धरलं तरी दिवसाला जवळजवळ ३६ हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. आय-लीगचा हंगाम हिवाळ्यात सुरू व्हायचा, पण संपेपर्यंत ऊन पेटलेलं असायचं. हा आकडा मी एका महिला मंडळाच्या सभेत भाबडेपणाने सांगितला. मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या: "आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि तुमच्या गवताला रोज?" जायकवाडी भरलेलं असतानाही या शहरातले नळ कोरडे असतात, त्यामुळे काकूंना उत्तर देणं सोपं नव्हतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही गवताला नाही, असं प्रस्तावात लिहून द्यायचं ठरलं. कांचनवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेलं सांडपाणी टँकरने आणायचं, नाहीतर कृत्रिम गवत. कृत्रिम गवताचं दुखणं वेगळंच. आपल्या मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, आणि तापमान उतरवायला त्यालाही पाणी मारावंच लागतं. काकूंना हे सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी अनामत दिली नाही, पण प्रदर्शनी सामन्याला नातवाला घेऊन आल्या.

मैदानाचा धसका घ्यायला कारण होतं. वाराणसीच्या इंटर काशीला घरचे सामने खेळावे लागले ते बंगालमधल्या कल्याणीत. मैदानात चांगला, नवा असूनही मोठ्या संघांना झुंजवणारा संघ, पण काशीकरांसाठी तो मोबाइलच्या पडद्यावर. मराठवाड्याच्या नावाचा संघ पुण्याच्या बालेवाडीत खेळतोय असं स्वप्न मला एकदा खरोखर पडलं होतं.

२०२५ चा जुलै उजाडला आणि वरूनच विस्कटलं. आयएसएल ज्यावर चालायची तो महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा, २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, नवा होत नव्हता, म्हणून आयएसएलचा येणारा हंगामच स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. देशातली सगळ्यात वरची लीग होणार की नाही हेच जिथे ठरेना, तिथे खालच्या लीगमध्ये नवीन पैसा कोण घालणार? आय-लीग जिंकली की वर बढती, हे २०२३ पासून सुरू झालेलं आमिषच भागीदारांना ओढत होतं. पंजाब एफसी तसंच वर गेलं, मग मोहम्मेडन. वरचा मजलाच डळमळल्यावर जिना चढायला कुणी तयार होईना. उद्योजकांनी बोलावून स्पष्ट सांगितलं: प्रस्ताव कपाटात ठेवू, लोकांचे पैसे परत करा. मला त्यांचा राग आला नाही. अमेरिकेत सॅक्रामेंटोला २०१९ मध्ये एमएलएसचा संघ जाहीर होऊनसुद्धा २०२१ मध्ये मुख्य गुंतवणूकदार मागे सरला आणि वर्षानुवर्षं घोषणा देणारे लोक तसेच राहिले. आमचे निदान वेळेत थांबले.

पैसे परत देणं हे गोळा करण्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघालं. निम्म्यांच्या पावत्या हरवलेल्या. बँकवाले काका पावतीशिवाय रुपया सोडायला तयार नाहीत, मग स्थळप्रतीवरून नावं जुळवत बसलो. चाचांनी पैसे घ्यायला नकार दिला, "रखो, टीम आएगी तब काटना." काकांनी त्यांना खात्याचे नियम समजावले, चाचांनी काकांना हैदराबाद सिटी पोलिसांचा १९५० चा संघ समजावला. शेवटी पैसे चाचांच्या मुलाच्या खात्यात गेले, चाचांना न सांगता. आमखासवाले सोडले तर "आता पुढे काय" असं फार थोड्यांनी विचारलं. आमखासवाल्यांनीही विचारलं ते एवढंच, की पुढचा वीस रुपयांचा सामना कधी. तो आम्ही डिसेंबरमध्ये घेतला. हलगीवाल्यांना गोलच्या मागे, पंचापासून लांब बसवलं.

परवा नांदेडहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडेही कुणी पैसेवाला तयार होतोय, वेगळा प्रस्ताव द्यायचा म्हणतात, सुरुवात कुठून करू ताई? मी म्हटलं, आधी मैदानाचं पत्र मिळवा, मग टँकरचा दर काढा, मग अनामत, आणि सह्यांच्या नादी लागू नका. पावत्यांचं काम एखाद्या निवृत्त बँकवाल्याला द्या. ते लिहून घेत होते.

"आणि रंग?" त्यांनी विचारलं.

"काळा-पांढरा आमचा आहे. तुम्ही दुसरा शोधा."